नकार देऊ शकणारा संत

पाचव्या शतकात सिरियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, तेलानिसोस नावाच्या गावाजवळ, एक माणूस उंच खांबावर उभा असे. त्याला पाहायला आलेल्या चर्चच्या एका सेवकाने खालून विचारलं, ‘खरं सांगा, तुम्ही माणूस आहात की देहाविना असलेलं कुणीतरी?’ भोवतीची माणसं या प्रश्नावर चिडली. खांबावरच्या माणसाने शिडी लावायला सांगितली. त्या सेवकाला वर बोलावून घेतलं, आपले हात तपासायला लावले, अंगावरच्या कातड्याच्या वस्त्रात हात घालू दिला आणि पायावरची चिघळलेली जखम दाखवली. माणूस आहे, बघून घे.

हा माणूस म्हणजे संत शिमोन स्तंभवासी. प्रसंग लिहून ठेवणारा थिओडोरेट हा सायरस शहराचा बिशप. शिमोन अजून जिवंत होता, खांबावरच होता, तेव्हा, 440च्या दशकात, थिओडोरेटने सिरियातल्या एकांतवासी संतांची चरित्रं लिहिली. ऐकीव गोष्टी त्याच्या पुस्तकात आहेतच, पण कित्येक संतांना तो स्वतः भेटलेला होता. म्हणून ते पुस्तक मला इतकं मोलाचं वाटतं.

मी वसईची, चर्चच्या घंटेवर वाढलेली. पुढे महाविद्यालयात इतिहास शिकवला. वर्गात शिमोनचं नाव काढलं की मुलं हसत. आयुष्याची छत्तीस-सदतीस वर्षं खांबावर काढणारा माणूस त्यांना वेडा वाटे. घराकडे, चर्चमधल्या बायकांना हीच गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न येई, ‘त्याने चमत्कार कोणते केले?’ या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये तो माणूस हरवतो असं मला वाटत आलं आहे. त्या काळच्या लोकांनी या विरक्तांना इतकं का मानलं आणि त्या मानण्याचं पुढे काय झालं, याचा विचार आज देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने करावा, म्हणून हे लिहिते आहे.

शिमोन हा मेंढपाळाचा मुलगा, जन्म 390च्या सुमाराचा. तेलेदाच्या मठात त्याने कमरेला ताडाच्या पात्यांचा खरखरीत दोर असा करकचून बांधला की कंबरेभोवती जखम झाली. देहदंडाचा हा अतिरेक मठाला झेपेना, म्हणून त्याला बाहेर जायला सांगितलं. मग तो तेलानिसोसला आला आणि डोंगरमाथ्यावर पायात साखळी अडकवून राहिला. मेलेटियस नावाच्या धर्मगुरूने त्याला समजावलं, की मन ताब्यात असेल तर लोखंडाची गरज काय? शिमोनने लोहाराला बोलावून साखळी तोडून घेतली. माझ्या मते हा प्रसंग खांबाइतकाच महत्त्वाचा आहे. हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस दुसऱ्याचं पटलं तर ऐकत असे.

तो खांबावर चढला कशासाठी? थिओडोरेट कारण स्वच्छ सांगतो. लोक त्याच्या अंगाला, त्याच्या कातड्याच्या वस्त्राला हात लावायला झोंबत होते. हा मान त्याला अवाजवी वाटला आणि त्या धक्काबुक्कीने तो थकूनही गेला. लोकांच्या हातांपासून सुटण्यासाठी तो वर गेला. पहिला खांब सहा हातांचा, मग बारा, मग बावीस, आणि थिओडोरेटने लिहिलं तेव्हा छत्तीस हातांचा. म्हणजे गर्दी वाढत गेली तशी उंचीही वाढत गेली.

पण वर जाऊन त्याने पाठ फिरवली नाही. दुपारी तीनपर्यंत प्रार्थना आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत लोक. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, शिकवण द्यायची, भांडणं मिटवायची. त्या डोंगराळ प्रदेशात ऑलिव्हच्या बागा होत्या, तेलाचे घाणे होते, दगडी घरांची भरलेली गावं होती, आणि गावं म्हटली की बांधांचे, पाण्याचे, कर्जाचे तंटे आलेच. सुरियानी भाषेत लिहिलेल्या त्याच्या चरित्रात सावकारांना त्याने व्याज निम्म्यावर आणायला लावल्याची नोंद आहे. अंत्युखिया शहरात कातडी रंगवणाऱ्यांवरचा कर एका अधिकाऱ्याने वाढवला, तेव्हा ते कारागीर दाद मागायला या खांबाकडे आले होते, असंही त्यात आहे.

पीटर ब्राउन या इतिहासकाराने 1971 साली लिहिलेल्या एका लेखाने या सगळ्याकडे बघण्याची दृष्टी बदलली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गावाला एक असा मध्यस्थ हवा होता ज्याची कुणाशी सोयरीक नाही, ज्याला जमीन नाही, ज्याला काही विकत घ्यायचं नाही. एकांतवासी माणूस अगदी तसाच होता. ब्राउनने पुढे स्वतःच या मांडणीला मुरड घातली आणि संतांच्या धार्मिक बाजूला अधिक जागा दिली, तेही योग्यच झालं. पण मूळ मुद्दा मला अजून पटतो. ज्याला कशाची गरज उरलेली नाही, त्याचा शब्द कुणी फिरवू शकत नाही.

याचं सर्वांत लखलखीत उदाहरण शिमोनच्या आधीचं आहे. 387 साली अंत्युखियात नव्या करावरून दंगल उसळली आणि लोकांनी सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. राजद्रोहच तो. सम्राटाचे दोन बडे अधिकारी चौकशीला आले आणि शहराचा थरकाप उडाला. तेव्हा डोंगरात फक्त जवावर राहणारा मॅसेडोनियस नावाचा म्हातारा खाली उतरला. त्याने भर रस्त्यात त्यातल्या एका अधिकाऱ्याचं वस्त्र धरलं आणि दोघांनाही घोड्यावरून उतरायला सांगितलं. फाटक्या कपड्यांतल्या या माणसावर ते आधी संतापले, पण तो कोण हे कळल्यावर उतरले. त्याला ग्रीक येत नव्हतं. तो सुरियानीत बोलला आणि कुणीतरी ते ग्रीकमध्ये सांगत गेलं. त्याने सम्राटाला निरोप दिला, की तूही माणूसच आहेस. ब्राँझचे पुतळे पुन्हा ओतता येतील, पण तू मारलेल्या माणसाचा एक केससुद्धा तुला परत घडवता येणार नाही. अखेर सम्राटाने शहराला क्षमा केली. शहराच्या बिशपची रदबदली, इतर तपस्व्यांची विनवणी हेही त्यामागे होतं. पण शाळा न शिकलेला एक म्हातारा राजसत्तेचा घोडा रस्त्यात थांबवतो, हे मला कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

या मॅसेडोनियसच्याच प्रार्थनेने थिओडोरेटचा जन्म झाला, अशी त्याच्या आईची श्रद्धा होती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. त्याआधी तिचा डोळा दुखावला होता, तेव्हा अंत्युखियातल्या एका थडग्यात राहणाऱ्या पीटर नावाच्या तपस्व्याकडे ती गेली होती. रेशमी वस्त्रं, दागिने, चेहऱ्याला रंग अशा थाटात गेलेल्या या तरुण बाईला त्याने आधी नटणं सोडायला सांगितलं, मग डोळ्यावर हात ठेवून क्रुसाची खूण केली. पुढे मुलगा झाल्यावर ती त्याला दर आठवड्याला पीटरच्या आशीर्वादासाठी पाठवी. पीटर त्याला मांडीवर बसवून द्राक्षं आणि भाकरी भरवत असे. एकदा त्याने आपला जाडाभरडा कमरपट्टा मधोमध कापला, अर्धा स्वतःच्या कमरेला बांधला आणि अर्धा या मुलाच्या. मुलगा आजारी पडला की आई तो पट्टा त्याच्या अंगावर ठेवायची. नवरा आजारी पडला की त्याच्या, आणि कधी स्वतःच्याही. ओळखीचे लोक आजाऱ्यासाठी पट्टा मागून न्यायचे. आणि एके दिवशी नेणाऱ्याने तो परत दिलाच नाही.

बिशप झालेला, वादविवादात भल्याभल्यांना पुरून उरलेला, ग्रीक विद्येत मुरलेला हा माणूस कमरपट्ट्याच्या त्या अर्ध्या तुकड्याची चुटपुट पुस्तकात नोंदवून ठेवतो. संतांच्या वस्तूंना जपणं ही अडाण्यांची समजूत आहे असं म्हणणाऱ्याने हा मजकूर वाचावा. त्या पट्ट्यात द्राक्षं भरवणारा एक म्हातारा होता. आपल्यावर कुणीतरी माया केली होती, याचा तो पुरावा होता. मी घरातल्या जपमाळेला हात लावते तेव्हा माझ्या मनातही हेच असतं, आणि त्याची मला कुणापुढे लाज वाटत नाही.

शिमोनकडे पर्शियन, आर्मेनियन, येमेनकडचे हिम्यरी लोक येत, पार पश्चिमेकडून स्पेन, गॉल आणि ब्रिटनचे लोकही येत, असं थिओडोरेट लिहितो. रोममध्ये कारागिरांनी आपल्या दुकानांच्या दाराशी त्याच्या छोट्या प्रतिमा लावल्या होत्या, असं त्याच्या कानावर आलं होतं. या भक्तीची झळ थिओडोरेटला स्वतःलाही लागली. शिमोनने एकदा अरब टोळ्यांना ‘बिशपचा आशीर्वाद घ्या’ असं सांगितलं आणि ती माणसं त्याच्यावर तुटून पडली. कुणी दाढी ओढली, कुणी कपडे. वरून शिमोन ओरडला म्हणून तो वाचला.

इथवरची भक्ती जिवंत माणसाची आहे. तो रागावतो, ओरडतो, खांब वाढवून दूर जातो, व्याज कमी कर म्हणतो. पुढे जे होतं त्याबद्दल माझी तक्रार आहे.

स्वतः संतांनाच पुढचं दिसत होतं. इजिप्तच्या वाळवंटातले संत अंतोनी 356 साली वारले. त्यांनी आपल्या दोन शिष्यांना बजावलं होतं, की मला जमिनीत पुरा आणि जागा कुणाला सांगू नका. पवित्र माणसांचे देह न पुरता घरात ठेवायची तिथली रीत त्यांना मान्य नव्हती. सिरियातल्या मार्शियनसाठी तर त्याच्या हयातीतच ठिकठिकाणी लोकांनी समाध्या बांधून ठेवल्या. त्याने शिष्याकडून गुप्त दफनाची शपथ घेतली. जेम्स नावाचा उघड्यावर राहणारा तपस्वी आजारी पडला, तेव्हा त्याचा देह आपल्यालाच मिळावा म्हणून शहरातले आणि खेड्यातले लोक शस्त्रं घेऊन धावले. तो बेशुद्धावस्थेत असताना खेडूत त्याचे केस उपटत होते आणि त्याला ते कळतही नव्हतं. हा माणूस तेव्हा जिवंत होता!

हिलेरियन या तपस्व्याची हकिगत जेरोमने लिहिली आहे. गर्दी चुकवत तो पॅलेस्टाइनहून निघाला, देश बदलत राहिला आणि अखेर 371 साली सायप्रसमध्ये एका बागेत वारला. दहा महिन्यांनी त्याचा लाडका शिष्य हेसिकियस याने देह चोरून पॅलेस्टाइनला नेला. कॉन्स्टान्शिया नावाची एक बाई त्या कबरीपाशी रात्र रात्र जागत असे, तो समोर बसला आहे अशा थाटात त्याच्याशी बोलत असे. देह नेल्याचं कळताच तिने प्राण सोडला. जेरोम सांगतो, की पुढे दोन्हीकडचे लोक वाद घालत राहिले, एक म्हणत देह आमच्याकडे आहे, दुसरे म्हणत आत्मा आमच्याकडे. या गोष्टीत माझं मन त्या चोरीचा कट रचणाऱ्या शिष्याकडे जात नाही, कॉन्स्टान्शियाकडे जातं. तिला त्याच्यावर मालकी नको होती, बोलायला माणूस हवं होतं.

आता 459 साल. शिमोन वारला. पूर्वेकडचा सेनापती अर्दाबुर गॉथ सैनिक घेऊन आला आणि लष्करी पहाऱ्यात मृतदेह अंत्युखियाला नेला गेला. सम्राट लिओला तो कॉन्स्टँटिनोपलला हवा होता. अंत्युखियाच्या लोकांनी अर्ज केला, की आमच्या शहराचा तट भूकंपात पडला आहे, हा देहच आता आमचा तट. देह तिथेच राहिला. ज्या खांबावर त्याने आयुष्य काढलं, त्याच्याभोवती सम्राट झेनोच्या काळात, साधारण 476 ते 490च्या दरम्यान, चार दिशांना चार बॅसिलिका असलेलं भव्य चर्च उभं राहिलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस इव्हॅग्रियस हा इतिहासकार तिथे गेला, तेव्हा स्त्रियांना आत प्रवेश नव्हता, त्या दाराबाहेर उभ्या राहून पाहत. त्याच काळात सेनापती फिलिपिकसने सीमेवरच्या सैन्याच्या रक्षणासाठी संतांचे अवशेष मागवले, तेव्हा इव्हॅग्रियसने शिमोनचं मस्तक पाहिलं. त्यातले काही दात भाविकांनी उपटून नेले होते.

स्पर्श नको म्हणून छत्तीस हात वर चढलेल्या माणसाचे हे दात. माझं म्हणणं एवढंच आहे, की मृत संत नाही म्हणू शकत नाही. सेनापतीने मागितलं तर त्याला जावं लागतं. कर वाढवणाऱ्याच्याही छावणीत आणि कर भरणाऱ्याच्याही घरात त्याची हाडं सारखीच शांत राहतात. तो जिवंत होता तेव्हा रांगेतला कातडी रंगवणारा आणि राजाचा अधिकारी दोघंही खालीच उभे असत. तो गेला आणि रांग तीच राहिली, पण किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात गेली.

जिवंत संत अडचणीचा असतो, हे सत्तेला बरोबर कळतं. शिमोनचा अनुयायी डॅनियल कॉन्स्टँटिनोपलजवळ खांबावर राहिला. बॅसिलिस्कस या सम्राटाने 475–476च्या सुमारास चर्चच्या शिकवणीत ढवळाढवळ केली, तेव्हा तो खांबावरून उतरला. त्याचे पाय निकामी झाले होते, लोकांनी त्याला उचलून राजधानीत नेलं आणि सम्राटाला माघार घ्यावी लागली. उलट गॉलमध्ये, आर्देनच्या थंडीत, वुल्फिलाइक नावाच्या लोंबार्ड माणसाने शिमोनसारखा खांब उभारला. बिशप आले, ही हवा तुला झेपणार नाही, अंत्युखियाच्या शिमोनशी तुझी बरोबरी नाही, असं सांगून त्याला खाली उतरवलं. मग एका बिशपने त्याला काही कामाने दूर पाठवून मागे खांब फोडून टाकला. ते पाहून आपण खूप रडलो, असं त्याने तूरच्या ग्रेगरीला सांगितलं. शिमोनच्या रिकाम्या खांबाभोवती चर्च आणि वुल्फिलाइकच्या भरलेल्या खांबावर हातोडा, हे दोन्ही एकाच धर्माच्या अधिकाऱ्यांनी केलं.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. जिवंत संताचा शब्द नेहमी न्यायाचाच असे का? नसे. अंत्युखियातल्या ज्यूंची हिसकावलेली सभास्थानं परत द्यावीत असा हुकूम सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने काढला, तेव्हा शिमोनने त्याविरुद्ध पत्र लिहिलं आणि हुकूम मागे घ्यायला लावला, असं त्याचे चरित्रकार अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. गरिबाच्या व्याजाची काळजी करणारा माणूस शेजारच्या धर्माच्या प्रार्थनाघराबाबत अन्याय करू शकतो. पण जिवंत माणसाला जाब विचारता येतो. इव्हॅग्रियस सांगतो, की वाळवंटातल्या वडीलधाऱ्या संन्याशांना शिमोनचा हा नवा प्रकार खटकला. त्यांनी दूत पाठवला आणि त्याला खाली उतरायचा हुकूम दिला. तो ऐकत नसेल तर ओढून काढा, लगेच तयार झाला तर राहू द्या, असं ठरलं होतं. शिमोनने लगेच पाय पुढे टाकला. हाडांची अशी परीक्षा घेता येत नाही.

आपल्याकडे गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचं दर्शन 2024च्या नोव्हेंबरपासून 2025च्या जानेवारीपर्यंत झालं. ते एकांतवासी नव्हते, गावोगाव हिंडणारे मिशनरी होते, पण अवशेषांना मान देण्याची ही परंपरा त्याच जुन्या काळातून आलेली आहे. त्यांचाही उजवा हात 1614 साली तोडून रोमला नेला गेला. त्यांनी हयातीत पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रांत इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटीवर कडक शब्दांत कोरडे ओढले, आणि 1546 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणण्याची मागणीही केली. पहिल्यासाठी त्यांचा आदर करावा, दुसऱ्यासाठी त्यांना खडसवावं, असं मला वाटतं. काचेच्या पेटीजवळून पुढे सरकणाऱ्या माणसाला या दोन्ही पत्रांबद्दल कुणी काही सांगत असेल का?

शिमोनचं ते चर्च 2011 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, सिरियाच्या उत्तरेकडच्या प्राचीन गावांसह. 2013 साली ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं आणि 2016 साली युद्धात त्याची नासधूस झाली. खांबाचा जो खुंट उरला होता, तोही शतकानुशतकं भाविकांनी टवके काढून काढून झिजवलेला. चर्च दुरुस्त व्हायला हवं. त्या दगडांवर त्या प्रदेशातल्या ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांचाही हक्क आहे.

आणि आमच्या वसईच्या धर्मगुरूंकडे माझं एक मागणं आहे. एखाद्या संताचे अवशेष धर्मग्रामात दर्शनाला येतात, तेव्हा बाहेर लावलेल्या फलकावर जन्म, मृत्यू आणि चमत्कारांची यादी असते. तिथे आणखी चार ओळींना जागा करा. या माणसाने कोणत्या सावकाराला अडवलं, कोणत्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, कुणाच्या बाजूने उभा राहिला आणि कुठे चुकला, तेही लिहा. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना शिमोनच्या खांबाची उंची सांगाल तेव्हा त्याने व्याज निम्म्यावर आणायला लावलं होतं, हेही सांगा.